चौतीस घरांचा धूर

माझ्या धाकट्या दिरांना आमच्या वसाहतीत कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे दुर्बीण म्हणायचे, तेही तोंडावर. "काय दुर्बीण, आज काय दिसलं?" असं कोणी जाता जाता विचारलं की भाऊजी खरोखर थांबायचे आणि सांगायला लागायचे. वारा कुठून, ढग किती, नदीला पाणी कुठवर. विचारणारा कंटाळून निघून जायचा, तरी यांचं वाक्य पुरं व्हायचं बाकी असायचं. विचारलं ते सगळं सांगायचं आणि विचारलं नाही ते मुळीच सांगायचं नाही, ही त्यांची रीत. एकदा मुलीकडचे लोक पाहायला आले. मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, "तब्येत वगैरे ठीक असते ना?" भाऊजींनी मागच्या दोन वर्षांतली सगळी सर्दीपडशी महिन्यावार सांगितली. ते लोक पुन्हा फिरकले नाहीत. "याला बायको नको, रजिस्टर द्या," असं आमचे हे म्हणायचे.

त्यांची नोकरी लष्कराची होती, पण गणवेशाची नव्हती. नदीकाठी टेहळणीचा लोखंडी मनोरा आहे, एकशे बारा पायऱ्यांचा. वर एक खोली, खोलीत तिपाईवर पक्की बसवलेली मोठी दुर्बीण, एक स्टूल आणि एक रजिस्टर. नदीपलीकडच्या उतारावर चौतीस घरं होती. लष्कराने त्यांना डावीकडून उजवीकडे आकडे दिले होते. घरात राहणाऱ्यांना आपण कुठल्या आकड्यात राहतो हे ठाऊक नव्हतं. भाऊजींचं काम एवढंच, की रोज उजाडल्यापासून मावळेपर्यंत कुठल्या घरातून धूर निघाला, किती वाजता, केवढा, कुठल्या रंगाचा, ते लिहायचं. पांढरा म्हणजे ओलं लाकूड, निळसर म्हणजे सुकं, काळा म्हणजे तेल नाहीतर चिंध्या. संध्याकाळी सही करून रजिस्टर कप्तानसाहेबांकडे द्यायचं. कप्तान हे हेरखात्याचे. आवाज कधी चढवायचे नाहीत. रस्त्यात भेटले की मुलांची चौकशी करायचे, आणि मुलांची नावं त्यांच्या लक्षात असायची. मला ते कधी आवडलं नाही.

पलीकडच्यांची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. आमच्या सासऱ्यांच्या तरुणपणी लढाई झाली, ती पलीकडचे हरले. आमची वसाहत, शाळा, लष्कराचं कोठार, हे सगळं त्यांच्याच जमिनीवर उभं आहे. ते इथे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही, घरातल्या वेड्या काकाबद्दल बोलत नाहीत तसं. लढाईनंतर करार झाला. नदीपलीकडचा उतार त्यांचा, तिथला कारभार त्यांचा, न्यायनिवाडा त्यांचा. लष्कराने पलीकडे पाऊल ठेवायचं नाही. अट एकच, की ज्या घरात सलग सात वर्षं वस्ती नसेल ते घर आणि त्याची जमीन सरकारजमा. आता पाऊल ठेवायचं नाही तर वस्ती आहे की नाही हे कळणार कसं? म्हणून मनोरा, म्हणून दुर्बीण.

पण रजिस्टर नुसतं त्याच्यासाठी नव्हतं. एखाद्या घरातून रोजच्यापेक्षा जास्त धूर निघाला, तर तिथे जास्त तोंडं जेवतायत. जास्त तोंडं म्हणजे बाहेरची माणसं, आणि बाहेरची माणसं म्हणजे बंदुका. असा कप्तानांचा हिशोब होता, आणि त्या हिशोबावर अलीकडून तोफ चालायची. "करारात पाऊल ठेवू नका असं आहे," कप्तान म्हणायचे, "तोफगोळ्याला पाय नसतात." अधिकाऱ्यांच्या बायका या विनोदाला हसायच्या. मीही एकदा हसले आहे.

त्या वर्षी थंडी संपता संपता एक दिवस भाऊजी घरी आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. ह्यांनी विचारलं, "आज तोफेचा आवाज आला?"

"दोनदा," भाऊजी म्हणाले. "चौदा नंबर. सकाळपासून दाट पांढरा धूर होता, रोजच्या तिप्पट. चार वाजून दहा मिनिटांनी."

एवढंच. मग त्यांनी वाढायला सांगितलं.

दर गुरुवारी पलीकडच्या बायकांना लाकूड विकायला अलीकडे यायची परवानगी असायची. फक्त बायकांना, आणि फक्त वसाहतीच्या मागच्या गल्लीत. आमची लाकूडवाली ठरलेली होती. चाळिशीची, उंच, तोंडाने फाटकी. डोक्यावरची मोळी टाकायची आणि म्हणायची, "घ्या बाई, तुमच्याच डोंगरातलं आमचं लाकूड." कधी उलटं म्हणायची, "आमच्याच डोंगरातलं तुमचं लाकूड." मी म्हणायचे, नक्की काय ते ठरव. ती म्हणायची, "ते तर तुमचे साहेब ठरवतात, मी नुसती वाहते."

त्या गुरुवारी ती काहीच बोलली नाही. मोळी टाकली आणि मागच्या पायरीवर बसून राहिली. भाऊजींची त्या दिवशी सुट्टी होती. ते तिथेच दाढी करत होते.

मी विचारलं, "काय गं, आज जीभ घरी विसरलीस का?"

"बहीण गेली," ती म्हणाली. "बाळंतपण अडलं होतं. दोन दिवस पाणी तापवत होतो, मोठ्या हंड्यात. सुकी लाकडं संपली, म्हणून ओली लावली. वरून गोळा आला. बहीण, माझी आई आणि पोटातलं. तिघं."

भाऊजी वस्तरा धरून तसेच बसले होते. अर्ध्या गालाला साबण. त्यांनी विचारलं, "घर कुठलं?"

"विहिरीच्या वरचं. मोठ्या खडकाला लागून."

"चारच्या सुमाराला?"

"मला काय घड्याळ आहे, दादा?" ती म्हणाली. मग त्यांच्याकडे नीट बघून म्हणाली, "हो. उन्हं खडकावरून उतरली होती."

भाऊजी आत निघून गेले. त्या दिवशी अर्धी दाढी तशीच राहिली. गल्लीतल्या पोरांना आठवडाभर चिडवायला विषय झाला.

दोन दिवसांनी मी चुलीपुढे होते. भाऊजी येऊन दारात उभे राहिले. "वहिनी, धूर न करता चूल पेटवता येते का?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला स्वयंपाकघरातलं काही विचारलं नव्हतं. माझे डोळे तेव्हा चुलीच्या धुराने सारखे लाल असायचे. मला वाटलं, याच्या लक्षात आलं बिचाऱ्याच्या. आनंदच झाला. मी सगळं सांगितलं. लाकूड वर्षभर वाळलेलं हवं. साल सोलून काढायची, धूर सालीत असतो. बोटाएवढ्या काटक्या करायच्या. चूल वर मांडायची नाही, खड्ड्यात करायची, आणि शेजारून दुसरं तिरकं भोक पाडायचं, म्हणजे खालून वारा ओढला जातो. वरून थेंब पाणी पडू द्यायचं नाही. "आणि वर दाट झाड असलं," मी म्हणाले, "तर जो काय थोडा निघतो तोही पानांत विरतो. आमच्या आईची बाहेरची चूल तशीच होती."

"पहाटे धुकं असताना?" त्यांनी विचारलं.

"धुक्यात काय दिसतंय," मी म्हणाले.

"काही दिसत नाही," भाऊजी म्हणाले. "सात वाजून चाळीसपर्यंत काहीच दिसत नाही."

पुढच्या गुरुवारी सुट्टी नसताना ते दुपारी घरी आले. लाकूडवाली पायरीवर बसली होती. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. साल, खड्डा, तिरकं भोक, झाड, सात चाळीस. मी मागे उभी होते. माझेच शब्द होते ते.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "दादा, तुम्ही काय काम करता?"

त्यांना विचारलं ते सांगायची सवय. "मी मनोऱ्यावर असतो. तुमचा धूर लिहितो."

मला वाटलं, ती आता कोयता उचलेल. तिने नुसतं विचारलं, "त्या दिवशीचा तुम्हीच लिहिलात?"

"हो."

बराच वेळ ती मोळीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. "रंग कुठला लिहिलात?"

"पांढरा."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "ओली होती लाकडं."

उठून निघून गेली. पण आमच्याकडे यायची थांबली नाही. पुढच्या गुरुवारी आली तेव्हा मोळीतलं एकेक लाकूड सोललेलं होतं. "घ्या बाई, आता आम्ही नागडंच लाकूड विकतो," म्हणाली. मी त्या रात्री देवाचे आभार मानले. खरंच मानले. मी रोज रात्री वही लिहिते, तिच्यात त्या तारखेला लिहिलेलं आहे: *भाऊजींनी मागच्या गुरुवारी लाकूडवालीला बिनधुराची चूल शिकवली. देवाने माझ्या हातून एक बरं काम करवून घेतलं.*

एकेक करून रजिस्टरातली घरं कमी होत गेली. आधी सहा, मग पंधरा. दीड वर्षात चौतीसांतल्या अकराच घरांतून धूर दिसायचा. भाऊजी खोटं काही लिहीत नव्हते. दिसत नव्हतं, म्हणून लिहीत नव्हते. तोफ त्या दीड वर्षात एकदाच चालली, तीही चुकून, एका मेंढरांच्या गोठ्यावर. कप्तानसाहेब खूश होते. त्यांना बढती मिळाली, आमच्या तोंडी मात्र ते कप्तानच राहिले. "गोळे टाकण्यापेक्षा भीती स्वस्त पडते," ते ह्यांना एकदा म्हणाले. "बघा, आपण न जाता माणसं चालली." त्यांना वाटलं माणसं गेली. माणसं तिथेच होती, खड्ड्यात चूल मांडून, पहाटेच्या धुक्यात जेवत होती.

सात वर्षं अशी गेली. आणि मग एक दिवस सरकारने हक्कचौकशी समिती नेमली. नदीवर धरण बांधायचं होतं, त्याआधी कुणाची जमीन किती हे कायमचं ठरवायचं होतं. पलीकडच्यांनी चौतीस घरांचा दावा लावला. लष्कराने रजिस्टरं पुढे केली. सात वर्षांची, रोजची, सहीनिशी. अकरा घरांत वस्ती आहे, तेवीस घरांत सात वर्षांत एकदाही चूल पेटलेली नाही. तेवीस घरं सरकारजमा व्हायला हवीत, करारातच लिहिलंय तसं.

हे कळलं त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत.

चौथ्या दिवशी पलीकडच्यांची वकीलबाई आमच्याकडे आली. तिला लाकूडवालीने पाठवलं होतं. तरुण होती, चपला दारात नीट जोडीने काढून ठेवल्या, आणि आवाज अगदी खाली ठेवून बोलली. "काका, तुम्ही एकच वाक्य बोलायचंय. धूर दिसला नाही म्हणजे माणूस नव्हतं असं नाही. बास. तुम्ही इतकी वर्षं तिथे बसलात, तुमचं म्हणणं समिती ऐकेल. पण तुम्ही कोणाला काही सांगितलंत, हा विषय काढायचा नाही. करारात एक नववं कलम आहे, त्याला हात लागता कामा नये. कळलं?"

"कळलं," भाऊजी म्हणाले.

"त्यांनी विचारलं तरी नाही."

भाऊजी गप्प राहिले. तिने ते होकारात धरलं. आमच्या घरातलं कोणी असतं तर धरलं नसतं.

ती गेल्यावर घरात जुंपली. हे म्हणाले, "कशाला भानगडीत पडतोस? तेवीस घरं गेली तर गेली. तुला धरलं तर माझी कोठारातली नोकरी जाईल, हे क्वार्टर जाईल. बूट मोजण्यात माझी वीस वर्षं गेली, आता अनवाणी हिंडू का?"

"बोलावं लागेल," भाऊजी म्हणाले. "पण ती म्हणते तेवढंच बोलायचं की सगळं, ते कळत नाही. वहिनी, तुम्ही सांगा."

मी माझं डोकं वापरायला हवं होतं. कलम काय आहे हे विचारायला हवं होतं. पण मला वाटलं, हा प्रश्न माझ्यासाठीच देवाने पाठवलाय. मी म्हणाले, "शपथ घेऊन अर्धं सांगणं म्हणजे खोटंच, भाऊजी. विचारलं ते सगळं सांगा. खरं बोलणाऱ्याच्या मागे देव उभा असतो." आजही मी ते मानते. पण समितीत देवाला खुर्ची नव्हती.

सुनावणी टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर होती. खाली पाकिटांवर शिक्के मारल्याचा आवाज सारखा येत होता. एका बाजूला पलीकडची पंधरा-वीस माणसं, पुढे लाकूडवाली, स्वच्छ धुतलेल्या कपड्यांत. दुसऱ्या बाजूला कप्तानसाहेब आणि लष्कराचे वकील. हे वकील म्हातारे होते, खोकल्याची गोळी सारखी गालात फिरवायचे. मी बरोबर माझी वही नेली होती. तारीखवार कोणी विचारलं तर भाऊजींना अडायला नको.

वकीलबाईने विचारलं, "मनोऱ्यावरून धूर दिसला नाही, म्हणून घरात माणूस नव्हतं, असं म्हणता येईल?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "ती तेवीस घरं रिकामी नव्हती."

समितीच्या अध्यक्षांनी मान वर केली. पलीकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. वकीलबाई पटकन म्हणाली, "मला एवढंच विचारायचं होतं," आणि बसली. तिच्या कपाळावर घाम होता. त्या क्षणी आम्ही जिंकलो होतो. तेव्हा उठून घरी आलो असतो तर.

लष्कराचे वकील उठले. अगदी मायेने म्हणाले, "दुर्बीण म्हणतात ना तुम्हाला? तुमच्या नजरेची मी तारीफ ऐकलीय. मग मला सांगा, माणसं होती, चूल पेटत होती, तरी धूर का दिसत नव्हता?"

"कारण तो निघत नव्हता."

"चूल पेटते आणि धूर निघत नाही?"

"लाकूड वाळलेलं, साल काढलेलं. खड्ड्यातली चूल, तिरकं भोक. वर झाड. निघत नाही."

"वा! हे तुम्हाला मनोऱ्यावरून कसं हो कळलं?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. वकीलबाई मान हलवून नको नको म्हणत होती. मी, शाळेत धडा म्हणणाऱ्या पोराला आई खुणावते तशी, मान डोलावली.

"मीच त्यांना सांगितलं," भाऊजी म्हणाले.

"कुणाला?"

"या बाईंना." त्यांनी लाकूडवालीकडे बोट केलं. "कुठल्या वेळेपर्यंत मनोऱ्यावरून दिसत नाही, तेही सांगितलं."

"कधी?"

त्यांना महिना आठवला, दिवस आठवेना. मी उठले, वही उघडली आणि तारीख दाखवली. वकिलांनी वही हातात घेतली, गोळी गालातून गालात फिरवली आणि माझं ते वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं. देवाने माझ्या हातून एक बरं काम करवून घेतलं. कप्तानसाहेब खाली बघून हसत होते.

"आता शेवटचं," वकील म्हणाले. "तेवीस घरांना हे कळलं. बाकीची अकरा? ती बिचारी अडाणी राहिली असतील."

आणि भाऊजींना वाटलं, पलीकडच्यांना कोणी अडाणी म्हणू नये. "नाही," ते म्हणाले. "कळलं सगळ्यांना होतं. त्या अकरा घरांत म्हातारी माणसं होती, त्यांच्याने साल सोलवत नव्हती. म्हणून धूर."

"चौतीसच्या चौतीस?"

"चौतीसच्या चौतीस."

वकील बसले. वकीलबाईने डोळ्यांवर हात ठेवला. मग लाकूडवाली उठली आणि म्हणाली, "दादा, गप्प बसायला काही दाम पडत होता का?"

निकाल तिसऱ्या दिवशी वाचला. नववं कलम मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पलीकडच्या ज्या घराने लष्कराची गुप्त माहिती मिळवली, त्या घराने करार मोडला असं समजावं, आणि त्याचे सगळे हक्क संपावे. मनोऱ्यावरून किती वाजेपर्यंत दिसत नाही, ही गुप्त माहिती. चौतीस घरांनी ती मिळवली, हे लष्कराच्याच विश्वासू नोकराने शपथेवर सांगितलेलं, वर घरच्या वहीचा पुरावा. म्हणजे तेवीस घरं वाचवायला गेलेल्या माणसाच्या तोंडून उरलेली अकराही गेली. कारभार गेला, न्यायनिवाडा गेला, उतार गेला. चाळीस दिवसांत जागा खाली करायची. आणि लाकूडवालीला हेरगिरीबद्दल आठ वर्षं.

तिला तिथूनच नेलं. मी दुसऱ्या आठवड्यात तुरुंगात कपड्यांचं गाठोडं घेऊन गेले. पहारेकऱ्याने ते परत आणलं. म्हणाला, "बाई म्हणतात, नको. आणि म्हणतात, तुमच्या देवाला माझं नाव सांगू नका. तुमच्या घरात काही सांगितलं की ते पुढे जातं."

भाऊजींना वाटत होतं, आता आपल्याला धरतील. बॅग भरून ठेवली होती, दोन कपड्यांचे जोड आणि दाढीचं सामान. धरायला कोणी आलं नाही. कप्तानसाहेब स्वतः घरी आले, आमच्याच खुर्चीवर बसले, माझ्या मुलीला कितवीत आहेस विचारलं. "खरं तर तुम्हाला भिंतीपुढे उभं करायला हवं," ते म्हणाले, "पण तुम्ही सात वर्षांत जे घालवलंत, ते अर्ध्या तासात मिळवून दिलंत. दुपटीने. फिट्टंफाट झाली." मग म्हणाले, "एक छोटं काम उरलंय. निकालात लिहिलंय, की वस्ती उठल्यावर सलग तीस दिवस पलीकडे धूर नाही असं अनुभवी टेहळ्याने लिहून द्यायचं, तेव्हा जमीन सरकारच्या नावे चढेल. तुमच्याइतकं अनुभवी कोण आहे?"

"मी नाही जाणार," भाऊजी म्हणाले.

"नका जाऊ," कप्तान म्हणाले. "फक्त मग या क्वार्टरचं बघावं लागेल. तुमच्या बंधूंच्या नोकरीचंही. मला वाईट वाटेल." आणि माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून गेले.

त्या संध्याकाळी हे नुसते भिंतीकडे तोंड करून बसले. भाऊजींनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "जा. आता तिथे कोणी नाही. रिकाम्या घरांचं काय बिघडणार आहे?"

पलीकडचे गेले त्या दिवशी लॉऱ्या आमच्याच गल्लीतून गेल्या. भांडी, गाद्या, कोंबड्या, म्हातारी माणसं. कोणी इकडे पाहिलं नाही. एका लॉरीत सोललेल्या काटक्यांच्या जुड्या रचलेल्या होत्या. जिथे जात होते तिथे लाकूड मिळेल की नाही, कोणास ठाऊक.

भाऊजी मनोऱ्यावर जायला लागले. रोज संध्याकाळी येऊन म्हणायचे, "शून्य." चौतीस रकान्यांत चौतीस शून्यं. एकवीस दिवस तसेच गेले. बाविसाव्या दिवशी ते आले ते पायरीवरच बसले. मी पाणी दिलं, ते हातात धरून राहिले.

"चौदा नंबरात धूर होता," ते म्हणाले. "निळसर. बारीक. अकरा वाजून पाच मिनिटं."

"कोणाचा?"

"कळलं नाही. घराला नुसत्या भिंतीच आहेत. भिंतीआडून येत होता. कोणीतरी परत आलंय, एकटंच असावं. लाकूड सुकंच होतं, पण साल काढायला वेळ मिळाला नसेल."

"तुम्ही लिहिलंत?"

"नाही लिहिलं. शून्य लिहिलं." मग विचारलं नसतानाही पुढे बोलले. त्यांच्या आयुष्यात हे पहिल्यांदा. "कप्तान तपासणीला आले होते. मागेच उभे होते. म्हणाले, काय दिसतंय? मी म्हणालो, काही नाही साहेब. त्यांनी मला बाजूला केलं आणि स्वतः डोळा लावला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, वय झालं तुमचं, नजर जाते कधी कधी. खोडा ते. नीट लिहा. मी खोडलं. नंबर लिहिला, वेळ लिहिली, रंग लिहिला. खाली सही केली. ते म्हणाले, खाडाखोडीपाशीही सही करा. मी तिथेही केली."

"आणि मग?"

"मी पायऱ्या उतरत होतो. साठाव्या पायरीवर असेन."

तोफेचा आवाज मी दुपारी ऐकला होता. आम्हाला त्याची सवय आहे. मी तेव्हा कपडे वाळत घालत होते, आणि दचकून एक चिमटा तेवढा खाली पडला होता.

त्यांनी पाणी प्यायलं नाही. हे कोठारातून आले, त्यांना सगळं कळलं होतं. पायरीवर भावाच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "कप्तान म्हणाले, मधे धूर दिसला म्हणून मागचे दिवस धरता येणार नाहीत. सलग तीस हवेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी वेळेवर निघाले. मी डबा भरून दिला. तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे होते.